डब्यातून पाठवलेलं कॉलेज

आमच्या घरात साखरपुडा असो की बारसं, पंगत उठून सुपारी फिरायला लागली की कोणीतरी म्हणतंच, "ते शेकोटीचं सांगा ना." मग मी थोडे आढेवेढे घेतो. ते खोटे असतात हे आता भाच्या-पुतण्यांनाही कळतं. गोष्ट माझ्या फजितीची आहे, पण ती इतक्यांदा सांगून झाली आहे की तिच्यावरचा माझा हक्क जवळजवळ संपला आहे. मी एखादा तपशील विसरलो तर समोरचं पोर तो पुरवतं. म्हणून म्हटलं, एकदा लिहून ठेवावी. लिहिताना निदान कोणी मधे बोलत नाही.

सुरुवात शाळेपासून करतो. आमचं गाव तेल्हाऱ्याजवळ, शाळा तेल्हाऱ्यात. दहावीला गणिताला एक सर होते. दुपारच्या तासाला पोरं पेंगायला लागली की ते खडू खाली ठेवत आणि म्हणत, "एवढं एक वर्ष मरमर करा लेकहो. मंग कॉलेज. तिथं कोनी हजेरी घेत नाही, कोनी काई विचारत नाही. एक वही मांगच्या खिशात खोसाची न् हिंडाचं." सरांनी सांगायचं आणि गावातल्या व्हिडिओवर पाहिलेल्या सिनेमांनी त्यात रंग भरायचे. असं करता करता माझ्या डोक्यात एक अख्खं कॉलेज उभं राहिलं. त्याला मोठं फाटक. आत बाग. बागेत कारंजं. कारंज्याच्या कठड्यावर मी, डोळ्यांवर गॉगल आणि बाजूला गिटार. गिटार मला वाजवता येत नव्हती, पण बाजूला ठेवता आली असती.

हे कॉलेज अमरावतीत होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. अकोल्याला आम्ही दवाखान्यात, बाजारात आणि पंपाची मोटर दुरुस्तीला न्यायला जायचो. जिथे मोटर दुरुस्तीला नेतात तिथे कारंजं असू शकत नाही.

बारावी झाली. अमरावतीच्या कॉलेजची यादी लागली तेव्हा मी ती मोठ्या रुबाबात वरून वाचायला घेतली. वाचत वाचत शेवटाला आलो. माझं नाव शेवटच्या नावाच्या खाली होतं, म्हणजे तिथे भिंत होती. त्या दिवसापासून मी कुठलीही यादी खालून वाचतो. वेळ वाचतो.

तर मी अकोल्याला बी.एस्सी.ला गेलो. फाटक होतं, पण त्याच्या दोन पाख्यांपैकी एकच शिल्लक होता. बागेच्या जागी दोन कडुलिंब, आणि त्यांच्या सावलीवर सायकलींचा कब्जा. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेवर टिनाचं छप्पर. एप्रिलात तिथे पानं दाबून वाळवायची गरज पडत नसे, नुसती टेबलावर ठेवली तरी वाळत. 'उपाहारगृह' अशी पाटी असलेली एक टपरी होती. पाटीखाली कुलूप होतं. ते तीन वर्षांत मी उघडं पाहिलं नाही. हजेरी दर तासाला. आणि ज्या स्नेहसंमेलनाची मी दहावीपासून वाट पाहत होतो, त्याच्याबद्दल नोटीस लागली, 'परिस्थिती लक्षात घेता संमेलन साधेपणाने साजरे होईल.' साधेपणा म्हणजे प्राचार्यांचं एक भाषण आणि माणशी एक केळं.

त्या वर्षांत आमच्याकडे सगळंच साधेपणानं होत होतं. बोंडअळीनं कापूस खाऊन टाकला होता. लग्नं साधेपणानं, गणपती साधेपणानं. बाहेरून गाड्या भरभरून माणसं यायची आणि वह्या काढून आम्हाला आमचं दुःख विचारायची. माझ्या वडिलांना एकानं वावरात गाठून विचारलं, "या सगळ्याकडे पाहून तुम्हाला नेमकं काय वाटतं?" वडील म्हणाले, "जेवले का तुमी?" त्याला घरी आणलं, भाकर-पिठलं खाऊ घातलं आणि बसवर बसवून दिलं. वहीत त्यानं काय लिहिलं कोण जाणे. पिठल्याचं लिहिलं असेल तर बरं.

आता डब्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमच्या बाजूला गावोगावच्या आया आपल्या शिकणाऱ्या पोरांचे डबे सकाळच्या एस.टी.त ठेवून देत. कंडक्टरच्या सीटमागे डब्यांची रांगच लागायची. दोन तासांनी बस अकोल्याच्या स्टँडवर पोचली की पोरं येऊन आपापला डबा ओळखून नेत, आणि दुपारच्या बसनं रिकामा डबा गावी परत. माझा डबा लांबून ओळखू यायचा. त्याची पिशवी माझ्या धाकट्या बहिणीच्या शाळेच्या जुन्या निळ्या फ्रॉकची शिवलेली होती. पांढरी कॉलरसुद्धा मायनं काढली नव्हती. तिचाच पिशवी धरायचा बंद केला होता. गॉगल लावून ती पिशवी हातात धरणं शोभेना. मी गॉगल काढून ठेवला. तोही साधेपणातच गेला.

भाकरीखाली मायच्या सांगण्यावरून बहिणीनं लिहिलेली चिठ्ठी असायची. "कसं हाय कॉलेज?" रिकाम्या डब्यातून मी उत्तर पाठवायचो. आणि माझी सगळी चूक या उत्तरात आहे.

झालं असं, की मी पहिलं उत्तर लिहायला बसलो आणि मला गणिताचे सर, कारंजं, गिटार, सगळं आठवलं. इतक्या वर्षांची वाट पाहणं, आणि लिहायचं काय? टिन आणि कुलूप? मी लिहिलं, "कॉलेज मस्त आहे. बागेत कारंजं आहे." पुढच्या आठवड्यात लिहिलं, "कॅन्टीनमध्ये चाळीस पदार्थ मिळतात." मग, "इथं हजेरी घेत नाहीत." बहिणीची चिठ्ठी आली, "दादा, तुझी चिठ्ठी मी ओसरीवर मोठ्यानं वाचते. शेजारच्या काकू हातचं काम टाकून येतात. बाबा दोर वळत बसतात अन् ऐकून न ऐकल्यासारखं करतात." झालं. लेखकाला वाचक भेटले की काय होतं हे मला त्या दिवशी कळलं. चिठ्ठ्या लांब होऊ लागल्या.

त्याला वाचून दाखवल्याशिवाय चिठ्ठी डब्यात जायची नाही, असा माझ्या दोस्ताचा नियम होता. दोस्त जुन्या शहरातला, मोर्णा नदीपलीकडच्या एका गल्लीतला. त्याच्या वडिलांचं घड्याळ-दुरुस्तीचं दुकान. आमच्या डब्यातली अर्धी भाकर त्याची ठरलेली, आणि त्याच्या घरची शेवई माझी. तो कानावर हात ठेवून म्हणायचा, "अबे, इतना मत फेक. चाळीस पदार्थ? चाळीस तर पूर्ण अकोल्यात नाही."

"घरच्यांना बरं वाटते," मी म्हणायचो.

"घरच्यांना की तुले?"

मी भाकर मोडायचो.

आता बहिणीबद्दल. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान, आणि तिला कॉलेजकडून एकच गोष्ट हवी होती. तिच्या दहावीच्या पुस्तकात सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या कांद्याच्या पापुद्र्याचं चित्र होतं, विटांच्या भिंतीसारखं. तिला ते खरं पाहायचं होतं. शाळेत सूक्ष्मदर्शक होता, पण कपाटात. आणि कपाटाची किल्ली बदली झालेल्या सरांच्या खिशातून दुसऱ्या तालुक्यात गेली होती. ती बारावीला होती, वर्गात पहिली यायची, आणि तिला अमरावतीला जाऊन बी.एस्सी. करायचं होतं. वडील तिला म्हणाले होते, "आंधी पाहू पोट्ट्याचं कॉलेज कसं निघते. मंग तुह्यं पाहू."

म्हणजे मी नुसतं माझं कॉलेज लिहीत नव्हतो, तिचंही लिहीत होतो. हे लक्षात यायला फार अक्कल लागत नाही. माझ्याकडे तेवढीही नव्हती.

दुसऱ्या वर्षी, दसऱ्याच्या आधी, आमची मेळघाटातल्या सेमाडोहला सहल गेली. सहल म्हणजे वनस्पतिशास्त्राचा अभ्यासदौरा. वनस्पतिशास्त्राच्या मॅडम पुण्याकडच्या होत्या. दर दहा मिनिटांनी त्या डोकी मोजत. मुली पुढे मॅडमबरोबर, मुलं मागे शिपायाबरोबर, आणि सगळ्यात मागे मी, कारण पानं दाबायच्या जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा माझ्या डोक्यावर होता. दिवसभर आम्ही पानं तोडली, नावं लिहिली, चुकीच्या नावांबद्दल बोलणी खाल्ली. वाघ दिसला नाही. मॅडमचा आवाज त्याच्यापर्यंत आधी पोचला असावा. दिवस मावळायच्या आत अकोल्याच्या वाटेला लागलो.

घरी मी काय लिहिलं? "घनदाट जंगलात आम्ही मुलंमुली मिळून सहलीला गेलो. सगळ्यांनी हातात हात धरून नाला ओलांडला. गाणी म्हटली. शेकोटी पेटवली."

"शेकोटी?" दोस्त म्हणाला. "अबे, तिथं बिडी पेटवली तर फॉरेस्टवाले पकडून नेतेत."

"वाचणाऱ्यांना काय माहीत?" मी म्हणालो आणि डब्याचं झाकण लावलं.

दोन दिवस चिठ्ठीच आली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरीखाली दोन ओळी होत्या. "दादा, तुझ्या शेकोटीत माझं कॉलेज जळालं. बाबा म्हणतात पोरीला पाठवायचं नाही. दिवाळी झाली की अकोटकडचे पाहुणे पाहायला येणार आहेत."

मी ती चिठ्ठी हातात धरून स्टँडवरच बसलो. दोस्तानं ती घेऊन वाचली. घडी करून माझ्या खिशात घातली. भाकरही मोडली नाही.

त्या दुपारी मी आयुष्यातली पहिली खरी चिठ्ठी लिहिली. कारंजं नाही. कॅन्टीनला कुलूप आहे. हजेरी दर तासाला होते. शेकोटी नव्हती, डोक्यावर रद्दी होती. सगळं लिहिलं, पानभर. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "बाबा म्हणाले, आता बहिनीसाठी खोटं बोलून राहिला. पहिलंच खरं होतं. इतकं बेकार कॉलेज कुठं असते का?"

मला शेजारच्या काकूंचाही राग आला. म्हणे त्यांनाही पहिलंच जास्त पटलं होतं.

"त्यांना इथं आण," दोस्त म्हणाला. "एकदा डोळ्यानं पाहू दे. हे कॉलेज पाहून कोनाची नियत खराब होत नाही."

"ते येणार नाहीत. माझं काय काम म्हणतील."

"मग काम काढ."

काम होतंच. दिवाळीच्या सुट्टीआधी आम्हाला शेतातल्या तणांचे नमुने द्यायचे होते, प्रत्येक जातीचा एक, मुळासकट. दोस्तानं बसून मजकूर सांगितला आणि मी लिहिला. "बाबा, कापसाच्या पऱ्हाटीत जितक्या जातीचं तण असेल ते सगळं मुळासकट पाहिजे. मातीसकट ओल्या पोत्यात. कोमेजलं तर मॅडम घेत नाहीत." शपथेवर सांगतो, त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. आणि वडिलांनी ते मानलं. माय म्हणे तेव्हा म्हणाली होती, "कारंज्याचं खोटं बोलन, तनाचं खोटं बोलून कोनाले काय भेटते?"

सोमवारी पहाटे वडील वावरात गेले आणि पोतं भरून आणलं. बस आली. मायनं डबा दिला, वडिलांनी पोतं पुढे केलं. त्यातून चिखलाचं पाणी गळत होतं. कंडक्टर म्हणाला, "काका, मी डबे नेतो. वावर नेत नाही."

"पोराची परीक्षा हाय," वडील म्हणाले.

"मंग तुमी बसा घेऊन."

वडील बसले.

मी स्टँडवर नुसता डबा घ्यायला गेलो होतो. पोतं कंडक्टर घेणार नाही एवढा आमचा अंदाज होता. पण वडील त्याच बसनं, त्याच घडीला उतरतील असं वाटलं नव्हतं. धोतर, टोपी, गळ्यात दुपट्टा, खांद्यावर पोतं आणि दुसऱ्या हातात निळी पिशवी. "कुठं हाय ते तुमच्या झाडाचं खातं?" एवढंच विचारून ते चालू लागले. प्रॅक्टिकलचा तास सुरू झाला होता. मी मनात म्हटलं, हरकत नाही, दोस्त आत आहे, माझी हजेरी तो देईल. तशी आमची रीत होती.

आम्ही प्रयोगशाळेच्या दारात पोचलो तेव्हा मॅडम हजेरी घेत होत्या. त्यांनी माझा नंबर पुकारला, "सदतीस!" आणि मागच्या बाकावरून दोस्ताचा आवाज आला, माझ्या आवाजाच्या जवळपासचा, "यस मॅडम!"

मॅडमनी मान वर केली. दारात मी. माझ्यामागे पोतं घेतलेले वडील.

"सदतीस दारात उभा आहे," मॅडम म्हणाल्या. "मग आत कोण बोललं?"

दोस्त उभा राहिला. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. दर तासाला हजेरी होते हे त्यांना माझ्या खऱ्या चिठ्ठीनं पटलं नव्हतं. मॅडमनी ते एका वाक्यात पटवलं. आम्हा दोघांना पूर्ण तास उभं राहायची शिक्षा झाली. त्या शिक्षेइतका आनंद मला कुठल्या बक्षिसानं झालेला नाही. मी भिंतीला टेकून उभा, आणि मनात म्हणत होतो, अजून रागवा मॅडम, अजून थोडं.

"हे कोण?" मॅडमनी विचारलं.

"मी याचा बाप," वडील म्हणाले. "तन आनलं. कुठं ठेवू, बाई?"

वर्गातली दोन-चार पोरं हसली. मॅडमनी नुसतं पाहिलं, आणि टिनाखालीही गारवा पसरला. वडिलांनी पोतं टेबलावर सोडलं. ओल्या मातीचा वास सगळ्या खोलीत भरला. टेबलाभोवती पांढरे कोट घातलेल्या, घट्ट वेण्यांच्या मुली ब्लेडनं देठांचे पातळ काप करत होत्या. एकीचं बोट कापलं. मॅडमनी तिला पट्टी लावली आणि म्हणाल्या, "दुसऱ्या हातानं कर." वडील हे सगळं पाहत होते. बैलबाजारात बैलाचे दात पाहतात तसे.

मॅडमनी पोत्यातून एक रोप उचललं. त्याचं लांबलचक शास्त्रीय नाव सांगितलं. मग थांबून वडिलांकडे वळल्या. "याला तुमच्याकडे काय म्हणतात?"

आणि त्यांनी वही काढली.

वही पाहून वडील जरासे मागे सरले, ते मला भिंतीपाशीही दिसलं. वही काढणाऱ्या माणसांचा त्यांना अनुभव होता. मला वाटलं, आता हे मॅडमला जेवलात का विचारतात. पण मॅडम पेन उघडून नुसत्या थांबल्या होत्या.

"कुंजर," वडील म्हणाले. "कवळं असलं तं भाजी करतेत."

मॅडमनी लिहिलं. "आणि हे?"

"हा केना. हा उपटून बांधावर फेकला तरी मरत नाही. पानी लागलं की पुन्हा जीव धरते."

"हे?"

"तरोटा. हे घोळ, जमिनीसरसी पसरते. अन् हे एकदांडी, जखमेवर चोळतेत." मग त्या बोट कापलेल्या मुलीकडे वळून, "तुले लावू का, माय?"

वर्ग पुन्हा हसला, पण आता वेगळं हसला. मुलींनी ब्लेडं खाली ठेवली आणि वह्या उघडल्या. वडील टेबलाच्या एका बाजूनं चालू लागले, एकेक रोप उचलत, नाव सांगत. कुठलं ज्वारीत येतं, कुठलं पऱ्हाटीत, कुठलं बकरी खाते, कुठलं खाल्लं तर दुधाला वास येतो. पुण्याच्या मॅडम त्यांच्या मागून लिहीत चालल्या होत्या. तीस-बत्तीस नावं झाली असतील. सातवीत शाळा सुटलेला माणूस. तासाची घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. कॉलेजात घंटा होऊनही पोरं बसून राहिलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

शेवटी मॅडमनी केन्याच्या पानाची खालची साल पातळ सोलली, काचेवर ठेवली आणि म्हणाल्या, "काका, एक डोळा मिटून इथून पाहा."

वडिलांनी टोपी काढून खाकेत धरली आणि सूक्ष्मदर्शकावर वाकले. बराच वेळ वाकून राहिले.

"तोंडं हायेत याले," ते म्हणाले. "केवढी बारकी बारकी तोंडं."

"त्यांतूनच ते श्वास घेतं," मॅडम म्हणाल्या.

"इतके वर्स उपटून राहिलो," वडील तसेच वाकलेले राहून म्हणाले, "अन् याले तोंड हाय हे मालूम नोतं."

बाहेर आलो. कॅन्टीनच्या कुलपासमोर ते थांबले. कुलूप हातात धरून हलवून पाहिलं. गंज त्यांच्या बोटांना लागला.

"हे चाळीस पदार्थाचं?"

"हो, बाबा."

"शेकोटी?"

"नव्हती."

"मंग लिवलं काहून, लेका?"

मी म्हणालो, "ओसरीवर सगळे ऐकायचे ना, म्हणून."

त्यावर ते हसतील असं मला वाटलं नव्हतं. पण हसले, आणि असे हसले की दोस्तानं घाबरून त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मग निळी पिशवी उघडून आम्ही तिघांनी कडुलिंबाखाली, सायकली सरकवून, भाकर खाल्ली. वडील दोस्ताला म्हणाले, "तुमच्या कॉलेजात कोनालेच मज्जा येत नाही का बाप्पा?"

"नाही काका," दोस्त छातीवर हात ठेवून म्हणाला. "कसम से. डेढ साल में एक बार नाही."

"मंग ठीक हाय," वडील म्हणाले.

त्या दुपारच्या बसनं डबा आणि वडील दोघंही परत गेले. पुढचं मला बहिणीच्या चिठ्ठीतून कळलं. घरी पोचल्यावर ते ओसरीवर बसले. माझी चिठ्ठी नव्हती म्हणून शेजारच्या काकू परत निघाल्या होत्या. त्यांना थांबवून त्यांनी केन्याच्या तोंडांची गोष्ट सांगितली. मग मायला म्हणाले, "त्या पाहुन्यायले नोको म्हना. पोट्टीले मोठ्या शायेत जाचं हाय." बहिणीनं शेवटी लिहिलं होतं, "मला हो म्हणाले. पण दादा, सूक्ष्मदर्शक माझ्याआधी बाबांनी पाहिला, हे मी तुला कधीच माफ करणार नाही."

त्या नमुन्यांना मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क मिळाले. ते वडिलांचे होते. त्यांनी कधी मागितले नाहीत.

जूनमध्ये आम्ही तिघं अमरावतीला गेलो, वडील, बहीण आणि मी. यादी लागायची होती. माझ्या वेळी यादी मागच्या गल्लीतल्या भिंतीवर लागली होती, पुढच्या बाजूला मी आलोच नव्हतो. फाटकाशी पोचलो आणि माझे पाय थांबले. फाटक मोठं होतं. दोन्ही पाखे जागेवर. आत बाग. बागेत, देवाशपथ सांगतो, कारंजं. कारंज्याच्या कठड्यावर पोरं बसली होती, मागच्या खिशात एकेक वही. बाजूला कॅन्टीन, सताड उघडं, आणि त्यातून हसण्याचा आवाज नि तळणाचा वास एकदमच येत होता. दहावीपासून माझ्या डोक्यात असलेलं कॉलेज समोर जसंच्या तसं उभं होतं आणि मला त्याच्यापासून वडिलांना लपवायचं होतं.

"बाबा, या बाजूनं," मी म्हणालो आणि त्यांच्या आणि कारंज्याच्या मधे चालू लागलो. बहिणीनं दुसरी बाजू धरली. मधे वडील.

यादीसमोर गर्दी होती. मी सवयीनं खाली वाकलो आणि शेवटच्या नावापासून वर यायला लागलो. निम्म्यात आलो तरी तिचं नाव नाही.

"दादा," बहीण म्हणाली, "वरून वाच."

पहिल्या ओळीत नव्हतं. तिसऱ्या ओळीत होतं. मी बोट ठेवून पुन्हा वाचलं. मग उगाचच तिसऱ्यांदा. एवढ्या वरून आमच्या घरातलं कोणी कुठल्या यादीत आलेलं मी पाहिलं नव्हतं. मान दुखली, पण चांगली दुखली.

मागे वळलो तर वडील नव्हते. ते कॅन्टीनसमोर उभे होते, मागे हात बांधून, पदार्थांची पाटी वाचत. आम्ही दोघं धावतच गेलो. मी तोंड उघडलं, काय बोलणार होतो देव जाणे.

"तेरा," वडील म्हणाले.

"काय तेरा?"

"पदार्थ. तुह्या चिठ्ठीत चाळीस होते." मग त्यांनी कारंज्याकडे पाहिलं, कठड्यावरच्या पोरांकडे पाहिलं, आणि बहिणीकडे. "काय वं, नाव आलं?"

"तिसरं," ती म्हणाली.

वडिलांनी बाकावरचं पाणी दुपट्ट्यानं पुसलं, आधी तिला बसवलं, मग स्वतः बसले. "मांग असं काई आयकलं की भीत होतो," ते म्हणाले. "आता हे झाडाचं खातं कुठं तरी असनच ना इथं. ते आंधी दाखव. मले केना आनता आला नाही, पन कांदा आनला."

त्यांनी निळ्या पिशवीतून कांदा काढून टेबलावर ठेवला. मग कॅन्टीनवाल्याला हाक मारून तेरातला पहिला पदार्थ सांगितला, तिघांना.